अक्कांच्या रश्शासाठी केलेली पेटी

ज्यांच्या घरात एखाद्या मुलाला अन्नाची ॲलर्जी आहे असे लोक अधूनमधून माझी पेटी पाहायला बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या आमच्या घरी येतात. मी त्यांना चहा देते, पेटी टेबलावर उघडते आणि शाळेत प्रयोग दाखवीत असे त्याच क्रमाने तिचा एकेक भाग दाखवते. शेवटी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, की तुम्हाला हे सुचले कसे. मी सांगते की मुलीसाठी केले. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तराला मी कधी कोणत्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून येथे पूर्ण लिहिते. मुलीला सांभाळण्यासाठी पेटीची गरज नव्हती. त्यासाठी घरचा डबा पुरेसा होता. पेटी मी माझ्या थोरल्या नणंदेला खोटे पाडण्यासाठी केली.

आधी विषय समजून घ्यावा. माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. दाण्यातली काही प्रथिने तिचे शरीर शत्रू समजते आणि त्या शत्रूला हाकलण्याच्या घाईत स्वतःचाच गळा आवळते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासाची वाट अरुंद होते. दाणा किती खाल्ला याला फारसे महत्त्व नसते. नखावर मावेल एवढाही पुरतो. ज्याला ही व्याधी नाही त्याला हे नखरे वाटतात, कारण त्याच दाण्यावर त्याचे सगळे घराणे पोसलेले असते.

आणि आमच्या तापीच्या खोऱ्यात तर दाण्यावाचून पान हलत नाही. मीठ संपले तर बायका शेजारी मागायला जातात. कूट संपला तर स्वयंपाकच थांबतो. रस्सा दाट व्हायला कूट, भाजी मिळून यायला कूट, उपासाला कूट, उपास सोडायलाही कूट. यातून येथे एक विशेष चूक घडते, जी मी दुसरीकडे कोठे पाहिली नाही. भाजीत दाणे आहेत का, असे विचारले तर सुगरण बाई मनापासून नाही म्हणते, कारण दाणे तर कोठे दिसत नाहीत. कूट हा तिच्या लेखी दाणा नसतोच. तो पाण्यासारखा धरूनच चाललेला असतो. म्हणून मी नेहमी दोन प्रश्न विचारत असे. दाणे आहेत का? आणि मग, कूट आहे का? नणंदेलाही मी दोन्ही प्रश्न विचारले होते. हे पुढे महत्त्वाचे आहे.

माझे यजमान महाराष्ट्रातून येथून जवळच्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि मी त्याच कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर आम्ही बुऱ्हाणपुरात राहायला आलो. त्यांची थोरली बहीण, जिला घरात सगळे अक्का म्हणतात, जवळच्या फोपनार गावच्या एका केळीवाल्या घरात दिलेली. यजमानांची आई ते लहान असतानाच गेली. त्यांना अक्कांनी वाढवले, न्हाऊमाखू घातले, शाळेत सोडले. या उपकाराची आठवण अक्का कोणाला विसरू देत नसत. त्यांचा दुसरा लौकिक म्हणजे पाटोड्यांचा रस्सा. बेसनाच्या पाटोड्या, काळा मसाला आणि वर असा दाट रस्सा, की केळीच्या पानावर वाढला तरी जागचा हलत नसे. त्या रश्शासाठी माणसे आडवाटेने फोपनारला येत.

मुलगी दहावीत होती तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यात अक्कांच्या मळ्यात सगळ्या भाऊबंदांचा भरिताचा बेत असतो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, आणि केळीच्या बागेत पंगत बसते. मुलगी आजवर अशा वेळी खाटेवर बसून घरचा डबा खात आली होती. त्या वर्षी अक्कांनी आदल्या दिवशी फोन करून सांगितले की पोरीला डबा आणू नका, तिच्यासाठी सगळा रस्साच बिनदाण्याचा करते. मी दोन्ही प्रश्न विचारले. त्यांनी दोन्हींना नाही असे उत्तर दिले, वर खोबरे घालून दाटपणा आणीन असेही सांगितले.

तिच्या वाटचे भरीत मी स्वतः वेगळ्या भांड्यात ठेचले. भाकरीचे पीठ घरून नेले होते. अक्कांच्या हातचा म्हणून तिच्या पानावर एक रस्साच आला. चुलत बहिणींच्या मधोमध मांडी घालून बसलेली ती किती ताठ बसली होती, हे मला आजही आठवते. चार घास झाले असतील. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आई, गळ्यात काहीतरी बसलंय." आवाज तिचा नव्हता.

शेतातली जीप काढून आम्ही तिला शहरात आणले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एका शब्दाने काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिले. मी तिच्या नखांचा निळा रंग उतरून गुलाबी परत येताना पाहिला. विज्ञानात ज्याला निरीक्षण म्हणतात ते मी आयुष्यभर शिकवले, पण ते काय असते हे मला त्या दिवशी कळले.

मुलगी घरी आल्यावर अक्का केळीची फणी घेऊन भेटायला आल्या. बरोबर यजमानांचे चुलत भाऊ होते. घरातला कोणताही निवाडा त्यांच्यापुढेच व्हायचा. मी माझे अनुमान क्रमाने मांडले. भरीत माझे, पीठ माझे, पाणी सगळ्यांचे एकच. म्हणजे उरला रस्सा. रश्शात कूट होता. अक्कांनी मला पूर्ण बोलू दिले. मग त्या उठल्या, आमच्या स्वयंपाकघरातून एक भाकरी घेऊन आल्या, ती ताटलीत ठेवली आणि तिच्यावर उजवा हात ठेवला. "अन्नाची शप्पथ," त्या म्हणाल्या, "रश्शात कूट नव्हता. पोरीले पित्त झालं असंल, नाही तं नजर लागली असंल. मास्तरीणले पुस्तकात सापडत नाही म्हनून माह्यावर नाव ठेवून राह्यली."

आमच्याकडे अन्नावर हात ठेवून घेतलेल्या शपथेनंतर शंका काढीत नाहीत. भांडी तर केव्हाच राखेने घासून उपडी घातली होती. पुरावा उरला नव्हता, शपथ उरली होती. चुलत दीर म्हणाले की मोठ्या माणसावर आळ घेतला गेला, तेव्हा सुनेने पाया पडून मिटवून टाकावे. मी यजमानांकडे पाहिले. ते खाली पाहत होते. "तिनं मला वाढवलंय," एवढेच ते म्हणाले.

मी वाकले. अक्कांच्या पायांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. तो चीक कपड्यावर पडला तर निघत नाही, कातडीवरून मात्र काही दिवसांत जातो. वाकलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळत असेल असे वाटत नाही, पण मला तो मिळाला. हा डाग कातडीवरचा नाही, कपड्यावरचा आहे, असे मी मनाशी ठरवले. वर उठताना मला काय करायचे आहे हे माहीत होते. फक्त कसे करायचे ते ठाऊक नव्हते.

त्यानंतर मुलीला घरात व्हीआयपी असे नाव पडले. चुलत भावंडे तिच्या डब्याकडे पाहून हसत. एकदा लग्नाहून परतताना ती मला म्हणाली, "मला आत्याच्या हातचं खायचं नाहीये आई. पण मी खोटी नाही, हे कोणीतरी म्हणायला हवं ना." मी तिला म्हटले, म्हणतील. मी विद्यार्थ्यांना कधी खोटे आश्वासन दिले नाही. तिला तरी कशी देणार होते?

आता पेटीविषयी.

करोनाच्या काळात घरोघरी नाकातला नमुना तपासण्याच्या पट्ट्या आल्या, तशाच पट्ट्या अन्नासाठीही असतात. बिस्किटांच्या कारखान्यात यंत्रे धुतल्यावर त्यांत दाण्याचा अंश राहिला आहे का, ते या पट्ट्यांनी पाहतात. मी त्या मागवल्या. पट्टी कागदी असते. एका टोकाला थेंब टाकला की तो कागद पीत पीत पुढे सरकतो आणि दाणा असेल तर मध्ये लाल रेघ उमटते. तत्त्व एवढे सोपे आहे. अवघड आहे ते आमचे जेवण. बिस्किटाचा चुरा पाण्यात घातला तर निमूटपणे विरघळतो. काळ्या मसाल्याचा रस्सा तसा नाही. तेलाने पट्टी तुंबत असे, आणि तिखटाचा लाल रंग पट्टीभर पसरून रेघेला जागाच ठेवीत नसे.

येथे मला यजमानांची मदत झाली. कागद किती पाणी पितो हे मोजण्यातच त्यांची नोकरी गेली होती. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून तुंबलेली पट्टी बघत राहिले आणि म्हणाले, "तेल लागलं की कागद पाणी पीत नाही. आधी तेल काढ." आम्ही नमुना पट्ट्यांसोबत आलेल्या द्रवात, तो कोमट करून, घुसळून स्थिर ठेवू लागलो, तेल वर येई आणि खालचा भाग पिचकारीने घेता येई. गाळण्यासाठी आमच्या गल्लीतल्या मागांवरचे निरनिराळ्या विणीचे कापड आणून पाहिले आणि त्यातले एक नेमके जमले. हे सगळे कोणासाठी चालले आहे हे यजमानांना माहीत होते. ते मी त्यांना सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते.

पुढचा प्रश्न डोळ्यांचा होता. फिकट रेघ आहे की नाही हे कोण ठरवणार? मी ठरवले तर अक्का म्हणतील, हिला रेघ हवी होती म्हणून हिला दिसली. आणि ते खरेच झाले असते. मला रेघ इतकी हवी होती की कोऱ्या कागदावरही मी ती पाहिली असती. सूड घेणाऱ्याचे साधन त्याच्यापेक्षा निःपक्षपाती असावे लागते, नाहीतर तो नुसता राग ठरतो. म्हणून मी पट्टीवर एक बारीक दिवा आणि उजेड मोजणारा संवेदक बसवला. रेघ असेल तर तांबडा दिवा लागेल, नसेल तर हिरवा. मग त्यात माझे, अक्कांचे किंवा चुलत दिरांचे मत कोणी विचारणार नाही.

हे सर्व मी एका जुन्या कंपासपेटीत बसवले. कर्कटकाच्या जागी पिचकारी, कोनमापकाच्या जागी दिव्याचे सर्किट, पट्टीच्या जागी पट्टी. झाकणाच्या आतल्या बाजूला डॉक्टरांनी लिहून दिलेले इंजेक्शन. येणाऱ्या पालकांना मी येथे नेहमी थांबवते आणि सांगते, की दिवा हिरवा असो वा तांबडा, इंजेक्शन पेटीतून कधी काढू नका. पेटी चुकू शकते. हे मी अंदाजाने सांगत नाही.

घरी मी चिमूटभर कूट पाण्यात टाकून पाहिला, तांबडा दिवा. बाहेरून आणलेल्या फरसाणाला तांबडा. आमच्या घरच्या वरणाला हिरवा. जैनाबादच्या एका मैत्रिणीच्या घरच्या चटणीचा एक कण घेतला, तांबडा. पेटी तयार झाली होती. मुलगी तोवर कॉलेजात गेली होती. मी तिला एवढेच म्हटले की यंदा भरिताला चल, डबा घे, पण बस पंगतीत.

पाने मांडली गेली, अक्का रश्शाचे पातेले घेऊन आल्या. यंदाही तुझ्या लेकीसाठी बिनकुटाचा केला आहे, असे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. मी कंपासपेटी उघडली.

"आता पंगतीत परीक्षा घेतं का व मास्तरीण?" अक्का म्हणाल्या. "घे, घे. मार्क दे मले."

पंगत हसली. मी रस्सा घेतला, घुसळला, तेल वर येऊ दिले, गाळला, थेंब टाकला. एका पुतणीने मोबाइल काढून चित्रण सुरू केले. सगळे पेटीवर वाकले होते.

हिरवा दिवा लागला.

त्यानंतर जे हसू उठले ते मी कधी विसरणार नाही, आणि विसरावे असे मला वाटतही नाही. चुलत दीर म्हणाले, चला, मशीननेच निकाल दिला. अक्कांनी ओगराळे भरून मुलीच्या पानावर रस्सा वाढला. "खाय आता पोरी. तुह्या मायच्या मशीननं पास केलं मले." मुलीने माझ्याकडे पाहिले. सगळी पंगत तिच्याकडे पाहत होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि रश्शाकडे हात नेला.

मी तिचे मनगट धरले.

कारण गाळलेला नमुना पांढुरका होता. खोबऱ्याचे दूधही पांढरे असते, म्हणून तो पुरावा नव्हे; पण प्रयोगाचे उत्तर पटत नसेल तर प्रयोग पुन्हा करावा, हा नियम मी प्रत्येक वर्गाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत असे. लोकांना मात्र एवढेच दिसले की मास्तरीणबाईंचा स्वतःच्या यंत्रावरही विश्वास नाही. मी मुलीला उठवले. निघताना अक्कांनी एक डबा माझ्या हातात दिला. फोपनारहून आजवर कोणी रिकाम्या हाती गेलेले नाही. पण त्या दिवशी डब्यात केळी नव्हती, रस्सा होता. "घेऊन जाय," त्या म्हणाल्या. "घरी निवांत चेक कर. वर्षभर पुरंल."

आम्ही घरी पोचायच्या आत हिरव्या दिव्याचे चित्रण कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लागली होती.

त्या संध्याकाळी मी डबा उघडून पुन्हा तपास केला. हिरवा. पुन्हा केला. हिरवा. मुलगी आतल्या खोलीत होती आणि बाहेर येत नव्हती. यजमान माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, नमुन्याच्या नळीकडे पाहिले, आत गेले आणि पाण्याने भरलेला पेला आणून माझ्यासमोर ठेवला. "घट्ट आहे," ते म्हणाले. कारखान्यात लगदा मोजण्याआधी नेहमी पातळ करतात, हे त्यांनी मला संसारात शंभरदा सांगितले होते आणि मी शंभरदा हूं म्हटले होते.

मी रश्शाचा एक थेंब पेलाभर पाण्यात टाकला, ढवळला, आणि त्या पाण्यातला थेंब पट्टीवर सोडला. रेघ उमटायला वेळच लागला नाही. तांबडा दिवा लागला.

हे असे का होते, ते सांगते. पट्टीवर दोन पहारे असतात असे समजा. पहिला पहारेकरी येणाऱ्या दाण्याच्या कणांना गुलाल लावतो. दुसरा रेघेवर उभा राहून कणांना धरून ठेवतो. गुलाल लागलेले कण धरले गेले की रेघ लाल दिसते. कण थोडे असतील तर सगळ्यांना गुलाल लागतो आणि सगळे काही ठीक होते. पण जत्राच लोटली तर? गुलाल पहिल्या काहींनाच पुरतो, आणि रेघेवरचे हात बिनगुलालाच्या गर्दीने आधीच भरून जातात. रेघ कोरी राहते. दाणा अतिशय असल्यामुळेच दाणा नाही असे उत्तर येते. ती पट्टी जेथे दाण्याचा चुकून एखादा कण पडतो अशा कारखान्यांसाठी बनवलेली होती. दाणा हाच ज्या रश्शाचा देह आहे असे पातेले तिच्या कर्त्याने पाहिले नव्हते.

म्हणजे अक्कांनी रश्शात कूट घातला होता, आणि हात राखून घातला नव्हता.

मी कोणाला फोन केला नाही. ग्रुपवर काही लिहिले नाही. मुलीला मात्र आत जाऊन दिवा दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, मी तो घास खाल्ला असता तर? मग तिनेच पेटीच्या झाकणातल्या इंजेक्शनवर बोट ठेवले आणि झाकण लावून टाकले.

पुढच्या वर्षभरात मी पेटीत एक खण वाढवला. आता प्रत्येक पदार्थ दोनदा तपासायचा, एकदा आहे तसा आणि एकदा पाण्यात हरवून. लोक विचारतात की दुसरी पायरी कशासाठी, तेव्हा मी गुलालाची गोष्ट सांगते. फोपनारची सांगत नाही. वर्षभर मला भाऊबंदांत कोठेही पाहिले की कोणीतरी हिरवा दिवा म्हणून हाक मारी. मी हसून ओ देत असे. त्या हाकेची मला गरज होती. एखादी गोष्ट पक्की मुरवायची तर झाकण वारंवार उघडू नये.

आणि मला एका गोष्टीची खात्री होती. अक्कांचा आता माझ्या पेटीवर माझ्यापेक्षा अधिक विश्वास बसला होता.

पुढचा हिवाळा आला. पऱ्हाट्या पेटल्या, बडगीचा आवाज आला, पाने मांडली. अक्कांनी या वेळी पेटीची वाटही पाहिली नाही, स्वतःच पातेले माझ्यासमोर आणून ठेवले. "आन तुही मशीन. जेवन थंडं होऊन राह्यलं." मी आहे तसा नमुना तपासला. हिरवा. नेहमीचे हसू झाले. अक्का ओगराळे उचलून मुलीच्या पानाकडे वळल्या.

"थांबा अक्का," मी म्हणाले. "दुसरा पेपर बाकी आहे."

मी पाण्याचा पेला घेतला, रश्शाचा एक थेंब त्यात सोडला, ढवळला. थेंब पाण्यात दिसेनासा झाला तेव्हा कोणीतरी म्हणाले, आता काय उरले त्यात? मग दिवा तांबडा झाला. मी पेटी उचलून चुलत दिरांच्या हातात दिली. असे का झाले ते मी दोनच वाक्यांत सांगितले. मग माझ्या पानावरची भाकरी उचलली, ताटलीत ठेवली आणि अक्कांसमोर धरली.

"हात ठेवा," मी म्हणाले. "मागे ठेवला होता तसा. आणि म्हणा, कूट नाही."

अक्कांचा उजवा हात उठला. भाकरीच्या वर वीतभर अंतरावर तो थांबला. या वेळी कोणी मोबाइल काढला नव्हता. पऱ्हाट्यांची राख होत आलेली, तिचा धूर खाली बसत होता, आणि तो हात खालीही येईना आणि मागेही जाईना. शेवटी अक्कांनी तो पदराला पुसला.

"कूट नसला तं रस्सा पान्यावानी होते," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकायसमोर पान्यावानी रस्सा वाढू मी? आजवर कोनी नाव ठेवलं नाही माह्या रश्शाले. मले वाटलं, येवढ्याशानं काय होते."

मी इतकी वर्षे द्वेष शोधत होते. निघाला तो लौकिक. माझ्या मुलीचा श्वास एका पातेल्याच्या दाटपणासाठी पणाला लावला गेला होता, तोही तीनदा, आणि मधे अन्नावर हात ठेवून. द्वेष असता तर मी कदाचित कमी रागावले असते. द्वेष करणारा निदान ज्याचा द्वेष करतो त्याच्याकडे पाहतो तरी.

माझ्याआधी यजमान उठले. त्यांनी आपले वाढलेले पान उचलून गुरांपुढे ठेवले आणि हौदावर हात धुतले. बहिणीच्या घरचे अन्न त्यांनी जन्मात प्रथमच टाकले होते. अक्कांनी तांबड्या दिव्याकडे पाहिले नव्हते इतका वेळ त्या पाठमोऱ्या भावाकडे पाहिले.

चुलत दीर खाकरले. निवाडा त्यांनाच करायचा होता, आणि मागचा निवाडा कोणाच्या पायांशी झाला होता हे सगळ्यांच्या लक्षात होते. बायकांनी अक्कांसाठी वाट मोकळी केली. त्यांना वाटले, आता अक्का वाकतील.

मी तो प्रसंग मनात अनेकदा पाहिला होता. पण प्रत्येक वेळी त्यात एकच उणीव दिसे. वाकणे क्षणात संपते. माणूस वाकतो, उठतो, पदर सावरतो, आणि लोक त्याचीच कीव करू लागतात. मला काहीतरी टिकाऊ हवे होते.

"अक्कांनी वाकू नये," मी म्हणाले. "त्या मोठ्या आहेत. माझे एवढेच मागणे आहे. पुढच्या वर्षापासून भरिताला रस्सा बिनकुटाचा. सगळ्या पंगतीला तोच, दुसरे पातेले नाही. आणि वाढायचा अक्कांनीच, स्वतःच्या हाताने."

लोकांना माझा मोठेपणा वाटला. सुनेने कसे पोटात घातले, असे बायका आपसात बोलल्या. चुलत दीर म्हणाले की शिकलेल्या माणसाचे असेच असते. मुलीकडे वळून त्यांनी सगळ्यांसमक्ष सांगितले, "पोरी, तू खरी होतीस. चूक आमची झाली." तिने मान हलवली. तिला हवे होते ते तिला मिळाले होते. मला काय मिळाले हे त्या पंगतीत फक्त एका बाईला कळले. अक्कांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी त्यांच्याकडे.

तेव्हापासून दर हिवाळ्याला फोपनारच्या बागेत पातळ रस्सा वाढला जातो. खोबरे घालून अक्कांनी पाहिले, भाजलेले डाळीचे पीठ लावून पाहिले. ती गोष्ट येत नाही. रस्सा पानावर थांबत नाही. तो भरितात शिरतो, शेजारच्या पानाकडे निघतो, आणि माणसे भाकरीचे तुकडे लावून त्याला बांध घालतात. जेवणारे अदबीने म्हणतात, छान झालाय. पूर्वी त्या रश्शाला कोणी छान म्हणत नसे. नुसते पान पुढे करीत. अक्का ते ऐकतात आणि पुढच्या पानाकडे सरकतात. आडवाटेने येणारी माणसे आता येत नाहीत.

मुलगी पंगतीत बहिणींच्या मधोमध बसते. डबा आणत नाही. तिच्या पानावर वाढण्याआधी मी पेटी उघडते, एकदा घट्ट, एकदा पातळ. तोवर कोणी घास घ्यायचा नाही, असा आता रिवाजच पडला आहे, तो मी पाडला नाही. सगळ्यांचे हात मांडीवर असतात, भाकरी निवत असते, आणि अक्का पातेल्याशेजारी उभ्या असतात. मी घुसळते, तेल वर येऊ देते, गाळते. कापडाची घडी पुन्हा सारखी करते. दिवा लागला तरी मी लगेच मान वर करीत नाही.

मागच्या भरिताला मुलगी माझ्याकडे कलून हळूच म्हणाली, "आई, हिरवा केव्हाचाच झालाय."

"पुन्हा एकदा पाहू," मी म्हणाले, आणि नवी पट्टी काढली. अक्का ओगराळे धरून उभ्या होत्या.